विस्थापितांची रंगभूमि

कझाकस्तानांतील आल्माटी शहरीं २०१८ सालीं तेथील कोरियन नाट्यसंस्थेला नवी वास्तु मिळाली. नवें नाट्यगृह उघडलें म्हणजे एखाद्या संस्थेचा जन्म झाला, असें सामान्यतः वाटतें. परंतु ही संस्था त्या वेळीं ८६ वर्षांची होती. एवढीं वर्षें तिनें कशाच्या बळावर काढलीं, हें आज सांगावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दारिद्र्यामुळें, आणि पुढें जपानी अंमलाच्या जांचामुळें, अनेक कोरियन कुटुंबें रशियाच्या अतिपूर्व मुलुखांत जाऊन राहिलीं. तेथें व्लादिव्होस्तोक बंदरीं १९३२ सालीं ही नाट्यसंस्था निघाली. १९३५ सालीं तिनें चुन्ह्यांगची कथा रंगभूमीवर आणली. जुलमी अधिकाऱ्यापुढें मान न तुकविणाऱ्या या एकनिष्ठ स्त्रीची कथा कोरियांत घरोघरीं ठाऊक आहे.

संस्थेला पांच वर्षें होतात न होतात तोंच घाला पडला. जपानी हेर शिरतील या सबबीवर ऑगस्ट १९३७ मध्यें स्टालिन व मोलोटोव्ह यांच्या सहीचा हुकूम सुटला. सुमारें १,७२,००० कोरियन लोकांना आगगाड्यांत कोंबून हजारों मैल दूर, मध्य आशियांत नेऊन सोडण्यांत आलें. नाटकमंडळीहि त्यांतच होती. ती किझिलओर्दा येथें उतरली. पुढल्याच वर्षीं कोरियन शाळांतून रशियन माध्यम सुरू झालें. मुलांची शाळा गेली; मातृभाषा उरली ती घरांत, एका वृत्तपत्रांत आणि या रंगभूमीवर.

जपान्यांशीं १९२० सालीं झुंजलेले सेनानी होंग बोम्-दो हेहि या हद्दपारींत सांपडले. उतारवयांत त्यांनीं याच नाट्यगृहावर पहारेकऱ्याची नोकरी केली. १९४२ सालीं मंडळीनें त्यांच्याच चरित्रावर नाटक केलें. १९४३ मध्यें ते वारले. त्यांचे अवशेष मायदेशीं पोंचावयास २०२१ साल उजाडलें.

मंडळीचें बिऱ्हाड मात्र हलतच राहिलें. १९४२ सालीं उश्तोबे, १९५९ सालीं पुन्हां किझिलओर्दा, १९६८ सालीं आल्माटी. वास्तु बदलल्या, प्रयोग थांबले नाहींत.

आज त्या हद्दपारांचीं नातवंडें-पतवंडें बहुतेक रशियन बोलतात. प्रयोग कोरियन भाषेंत चालू असतो आणि प्रेक्षकांच्या कानीं यंत्रांतून रशियन भाषांतर येत असतें. मग भाषा राखली म्हणावी, कीं गमावली? भाषा शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला एवढें ठाऊक असतें कीं, पाठांतरानें भाषा येते. पण ती आपली वाटावयास तिच्या संगतींत हंसावें-रडावें लागतें. आजीची भाषा पुरती न कळणारा नातूहि तिच्या नादावर चारचौघांत बसून डोळे पुसतो, तोंवर तिच्याशीं त्याचें नातें तुटलेलें नाहीं. नवी वास्तु त्याला बसावयास जागा देईल. तो तेथें येत राहील कीं नाहीं, यावरच या रंगभूमीचें पुढील आयुष्य अवलंबून आहे.