घरी स्नोबोर्ड बनवायचाय? गाभा किती जाड, फायबरग्लास कोणतं?

स्नोबोर्ड म्हणजे एक सँडविच. मध्ये लाकडाचा गाभा, खाली-वर इपॉक्सीत भिजवलेलं फायबरग्लास. पॉप्लरचा गाभा पायांखाली साधारण ७-८ मिलिमीटर आणि टोकांना सुमारे २ मिलिमीटर ठेवतात.

एका मिलिमीटरने काय होतं? लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनानुसार वाढतो. म्हणजे ७ ऐवजी ८ मिलिमीटर घेतले, तर गाभा जवळपास दीडपट ताठ होतो.

कापड कोणतं? बायअ‍ॅक्सियलचे धागे लांबी-रुंदीत असतात, त्यामुळे बोर्ड सहज पिळतो. ट्रायअ‍ॅक्सियलमध्ये ४५ अंशांतले तिरके धागेही असतात. त्याने पीळ कमी होतो, वेगात कड बर्फ धरून ठेवते.

वजन वाचवायला पायांखालचं लाकूड मात्र तासू नका. बाइंडिंगचे स्क्रू तिथेच बसतात. ते उपटले, तर भर उतारावर पाय सुटेल.