वारा कापणारा गडी



व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. जन्मभर हमाल-मापाड्यांच्या मजुरीचे हिशेब मांडणारा माणूस सायकलींच्या शर्यतींविषयी काय सांगणार, असे एका स्नेह्यांनी मला विचारलेही. मी खेळाडू नाही आणि कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. परंतु जेथे पुष्कळांचे श्रम एकाच्या नावावर जमा होतात, ती गोष्ट माझ्या धंद्याबाहेरची आहे असे मी मानत नाही.

आरंभी घरचीच एक हकीकत सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मजुरीवाढीचे निवेदन घेऊन आम्ही पाच जण बोरीहून जिंतूरला सायकलींवर निघालो. वैशाखाचे दिवस आणि समोरून दांडगा वारा. आमच्यातले सर्वांत वयस्क हमाल पुढे झाले आणि म्हणाले, "पोरांनो, माह्या चाकामागं चाक ठिवा." त्यांच्या आडोशाने आम्ही चौघे जिंतूरला पोहोचलो. ते धापा टाकीत लिंबाखाली बसून राहिले. निवेदन मी दिले, भाषण मी केले, आणि वर्तमानपत्रात नावही माझेच आले. पुढे सायकलशर्यतींचा इतिहास हाती लागला, तेव्हा त्या लिंबाखालच्या माणसाची मला वारंवार आठवण झाली.

मुंबई-पुणे सायकलशर्यत आपल्याला ऐकून माहीत आहे. बोरघाट चढून जाणारी ती शर्यत एका दिवसाची. टप्प्यांच्या शर्यतीचा प्रकार वेगळा. वारीप्रमाणे रोज एक मजल आणि रोज मुक्काम. मात्र येथे प्रत्येकाला लागलेल्या वेळेची बेरीज होत जाते, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही अशी आंतरराष्ट्रीय शर्यत पुणे जिल्ह्यातील घाटरस्त्यांवर झाली. या बेरजेमुळे एक चमत्कार घडतो. एकही टप्पा न जिंकता सबंध शर्यत जिंकता येते. १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने फ्रान्सची मोठी शर्यत तशीच जिंकली.

या शर्यतीतल्या सगळ्या डावपेचांचे मूळ वाऱ्यात आहे. सपाटीवर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. जो दुसऱ्याच्या मागे चाकाला चाक लावून जातो, त्याचे सुमारे एक तृतीयांश कष्ट वाचतात. म्हणून नायकाला दिवसभर आडोशात ठेवायचे, त्याच्यासाठी पाणी आणायचे, प्रतिस्पर्धी पळाला तर त्याच्या मागे धावून दमायचे, आणि शेवटच्या घाटात नायकाला ताजातवाना पुढे सोडायचे, ही सोबत्यांची कामे ठरली. चढावर वेग कमी असतो, म्हणून आडोशाचा उपयोगही कमी. तेथे ज्याच्या त्याच्या पायांतले बळ उघडे पडते. मोठ्या झुंजी घाटात रंगतात त्या यामुळे.

परंतु ही साथ आरंभी मान्य नव्हती. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली 'लोतो' या वर्तमानपत्राने आपला खप वाढविण्यासाठी काढली. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. साठ जण निघाले, एकवीस परत पोहोचले. पहिला विजेता मॉरिस गारँ हा लहानपणी धुराडी साफ करणारा पोर होता. संपादक हेन्री देग्रांज यांचा आग्रह असा की, प्रत्येकाने एकट्याने झुंजावे, कोणी कोणाला मदत करू नये. १९११ साली मॉरिस ब्रोको हा मागे पडलेला सायकलपटू मोबदला घेऊन दुसऱ्यांना साथ देऊ लागला, तेव्हा देग्रांज यांनी त्याला 'घरगडी' म्हणून हिणवले. चिडलेल्या ब्रोकोने दुसऱ्याच दिवशी डोंगरातला अवघड टप्पा जिंकून दाखविला, तरी त्याला शर्यतीतून काढलेच. घरगडी या अर्थाचा तो फ्रेंच शब्द मात्र साथीदाराला कायमचा चिकटला. इटालियन भाषेत त्याला 'ग्रेगारिओ' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'कळप' हा शब्द आहे.

एकट्याने झुंजण्याच्या या नियमाची परिसीमा १९१३ साली झाली. यूजीन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुरमाले घाटाच्या उतारावर मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. परीक्षक शेजारी उभे राहून पाहत होते. एका पोराने तेवढा भाता ओढला. तेवढ्यासाठी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे तीन मिनिटांवर आणला, पण शर्यत हातची गेली ती गेलीच. भाता ओढणाऱ्या हाताची सुद्धा ज्या नियमाला भीती वाटते, तो नियम कोणाच्या सोयीचा असतो, हे आपण मजूर माणसांनी ओळखले पाहिजे.

१९२४ साली असंतोष उघड झाला. पहाटेच्या थंडीत घातलेली जर्सी उन्हात काढून टाकण्यास मनाई होती. निघताना जितक्या, तितक्याच मुक्कामी अंगावर दिसल्या पाहिजेत. आदल्या वर्षीचा विजेता हेन्री पेलिसिए, त्याचा भाऊ आणि आणखी एक सोबती या जाचाला कंटाळून शर्यत सोडून गेले. कुतांस या गावी त्यांनी आल्बेर लोंद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या उलट्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्या! 'रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी' ही या सायकलपटूंची ओळख लोंद्र यांच्या त्या वृत्तांताशी कायमची जोडली गेली.

१९३० पासून राष्ट्रांचे संघ आले आणि साथ नियमात बसली. साथीची खरी किंमत १९३४ साली जगाला दिसली. रेने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा, पूर्वी हॉटेलात निरोप्याचे काम केलेला. घाटात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. परंतु संघाचा नायक आंतोनँ मान्य आघाडीवर होता. पिरेनीज पर्वतात मान्यचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले आणि दगडी कठड्यावर बसून तो रडू लागला. ते छायाचित्र फार गाजले. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा मोडली. व्हिएतो पुढे निघून गेला होता. तो वळला, घाट उलटा चढून आला आणि आपली सायकल दिली. मान्य विजयी झाला, व्हिएतो पाचवा आला. या त्यागाची स्तुती पुष्कळांनी केली. मला त्या अश्रूंविषयी बोलावेसे वाटते. त्याग गोड मानून घ्यावा, ही अपेक्षा बहुधा ज्याला चाक मिळते त्याची असते. देणाऱ्याला रडण्याचा अधिकार आहे.

आता चुरशीकडे वळू. जिनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी यांच्यावरून सबंध इटलीत दोन तट पडले होते. कोप्पी १९४० साली बार्तालीच्या संघात साथीदार म्हणूनच आला. बार्ताली पडून मागे राहिला आणि विसाव्या वर्षी कोप्पीने इटलीची शर्यत जिंकली. वैर तेथून सुरू झाले. १९४८ च्या जागतिक स्पर्धेत दोघे एकमेकांवर नजर ठेवून असे मागे रेंगाळले की शेवटी दोघांनीही शर्यत सोडली, आणि त्यांच्याच देशाच्या महासंघाने त्यांना निलंबित केले. पुढच्या वर्षी संघाचे मार्गदर्शक आल्फ्रेदो बिंदा यांनी मोठ्या खटपटीने दोघांना एका संघात नांदविले. त्या टूरमध्ये कोप्पी पहिला, बार्ताली दुसरा! आपापसांत अडून बसण्याचा आणि एकत्र येण्याचा हिशेब याहून स्पष्ट कोठे मिळेल?

याच कोप्पीचा साथीदार आंद्रेआ कारेआ. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस. १९५२ साली नायकाचे हित राखण्यासाठी तो पळणाऱ्यांच्या टोळीत शिरला, आणि लोझान येथे आघाडीची पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर आली. तो रडू लागला आणि कोप्पीची क्षमा मागू लागला. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पीने ती जर्सी मिळविली. मिळालेला मान अपराध वाटावा, इतकी साथीदारीची सवय माणसाच्या अंगी मुरते.

१९६४ ची जाक आंकतील व रेमों पुलिदोर यांची झुंज निराळी. पुय द दोम या मृत ज्वालामुखीच्या चढावर आंकतीलकडे ५६ सेकंदांची आघाडी होती, पण दम संपत आला होता. तो पुलिदोरच्या मागे गेला नाही. खांद्याला खांदा लावून शेजारी चालत राहिला. मागे राहणे म्हणजे थकल्याची कबुली! पुलिदोर फसला आणि फार उशिरा सुटला. त्याने ४२ सेकंद मिळविले. १४ कमी पडले. पॅरिसला आंकतील विजयी झाला. पुलिदोरच्या अंगावर पिवळी जर्सी कधीच चढली नाही. वाटाघाटीच्या मेजावर बसलेल्या कोणालाही हा डाव ओळखीचा वाटेल.

पण एक दिवस असा आला की, सगळे प्रतिस्पर्धी एका रांगेत उभे राहिले. १९७८ साली रात्री उशिरा मुक्काम, पहाटे उठणे आणि एका दिवसात दोन टप्पे, असा कार्यक्रम लादला गेला. तेव्हा वालांस-दाजाँ या गावी सर्व सायकलपटूंनी खाली उतरून, सायकली हाती धरून, चालत अंतिम रेषा गाठली. तो टप्पा रद्द झाला. त्यांच्या पुढे २३ वर्षांचा बर्नार इनो होता, आणि ती शर्यतही त्यानेच जिंकली.

या खेळात एक चांगली रीत रुजली आहे. विजेता आपल्या बक्षिसाची रक्कम बहुधा साथीदारांत वाटून टाकतो. आपल्याकडे गाडी रिकामी झाल्यावर हमालांची टोळी मजुरी वाटून घेते, तसेच हे. पैशाची वाटणी तरी झाली. नावाची वाटणी अजून व्हायची आहे.

म्हणून शेवटी लिंबाखालच्या त्या गृहस्थांकडे येतो. जिंतूरहून परत येताना वारा आमच्या पाठीशी होता. तेव्हा पुढे कोण आहे याला काडीचा अर्थ नव्हता, आणि पुढे मी होतो. काही वर्षांनी संघटनेच्या सभेत मी ही गोष्ट त्यांच्यासमोर बोलून दाखविली. ते हसले. म्हणाले, "वारं तर व्हतंच. कुणीतरी म्होरं व्हायाच पायजे." आज ते हयात नाहीत. कोठे विजयाची बातमी वाचली की विजेत्याच्या नावापाशी थांबू नका. वारा कोणी कापला, एवढे विचारा. इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.