राखेचा मक्ता ते पाल्याचे शुल्क : इंग्लंडमधील घरगुती कचऱ्याच्या मालकीचा इतिहास

इंग्लंडमधील अनेक स्थानिक परिषदा घराच्या बागेतील पालापाचोळा, कापलेले गवत आणि कुंपणाच्या छाटणीतून निघालेल्या फांद्या उचलून नेण्यासाठी कुटुंबांकडून वेगळे वार्षिक शुल्क घेतात. स्वयंपाकघरातील केर, कागद, काच वा पत्र्याचे डबे यांच्यासाठी मात्र असे शुल्क घेता येत नाही. त्यांचा खर्च ‘कौन्सिल टॅक्स’ या घरपट्टीसारख्या करातून भागवला जातो. एकाच उंबरठ्याबाहेर शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन डब्यांना कायदा दोन निरनिराळे न्याय का लावतो, हा वरवर पाहता नगरव्यवस्थापनाचा प्रश्न आहे. तथापि त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या राखेच्या ढिगाऱ्यांपर्यंत जातात, आणि त्या ढिगाऱ्यांनी इंग्रजी साहित्यालाही काही महत्त्वाचे दिले आहे. टाकाऊ पदार्थाची मालकी कोणाची आणि त्याचा भार कोणी वाहायचा, या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये त्या पदार्थाच्या बाजारभावाबरोबर बदलत गेले. पाल्यावरील शुल्काची न्याय्यता तपासायची, तर या बदलाचा क्रम लक्षात घेणे आवश्यक ठरते.

व्हिक्टोरियन लंडनमध्ये घरातून निघणाऱ्या केराचा मुख्य घटक म्हणजे कोळशाची राख. ‘डस्ट’ या शब्दाचा त्या काळातील व्यावसायिक अर्थ तोच होता. मराठी शहरी बोलीत आज सर्रास रुळलेल्या ‘डस्टबिन’ या शब्दातील ‘डस्ट’ ही धूळ नसून मुळात चुलीतील राख आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या राखेला गिऱ्हाईक होते. बारीक राख विटांच्या मातीत मिसळली जाई आणि अर्धवट जळालेले कोळशाचे खडे विटा भाजण्यासाठी वापरले जात. त्यामुळे पॅरिशच्या हद्दीतील घरांची राख उचलण्याचा मक्ता घेण्यासाठी मक्तेदार पॅरिशला पैसे देत असत. केर ही नागरिकांवरील आपत्ती नसून स्थानिक संस्थेच्या उत्पन्नाची बाब होती.

पत्रकार हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास लंडनमधील श्रमिकांचे जे विस्तृत वर्णन केले, त्यात डस्टमन आणि राखेच्या वखारींतील स्त्री-कामगार यांना बरीच जागा मिळाली आहे. त्याच्या नोंदींतून एक स्थित्यंतर स्पष्ट होते. पूर्वी मक्तेदार पॅरिशला रक्कम देत. पुढे भाव उतरला आणि पॅरिशलाच मक्तेदाराला पैसे मोजावे लागू लागले. पदार्थ तोच, गाडी तीच, घोडाही तोच. फक्त पैशाचा प्रवाह उलटा झाला. कचऱ्याच्या इतिहासातील ही उलथापालथ पुढेही होत राहिली.

चार्ल्स डिकन्सच्या संपादनाखाली निघणाऱ्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात जुलै १८५० मध्ये आर. एच. हॉर्न याचा ‘डस्ट, ऑर अग्लिनेस रिडीम्ड’ हा लेख प्रसिद्ध झाला. कथा आणि वृत्तांत यांचे मिश्रण असलेल्या या लेखात ढिगाऱ्यातील पदार्थांची वर्गवारी तपशिलाने येते. कुजणाऱ्या सर्व वनस्पतिजन्य व प्राणिजन्य पदार्थांसाठी त्यात ‘सॉफ्टवेअर’ ही संज्ञा आढळते. हा माल लगोलग वेगळा काढून शेतीच्या खतासाठी विकला जाई. आजच्या वाचकाला या शब्दाची गंमत वाटेल. परंतु भाजीचा पाला आणि तत्सम पदार्थ लंडनच्या ढिगाऱ्यातही ‘माल’ म्हणूनच मोजले जात होते, हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे.

डिकन्सने १८६४-६५ मध्ये क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत हाच ढिगारा वारसाहक्काचा विषय झाला. जुन्या हार्मनची संपत्ती राखेच्या ढिगाऱ्यांतून उभी राहते, आणि तिचा वारस झालेला बॉफिन ‘गोल्डन डस्टमन’ म्हणून ओळखला जातो. या कादंबरीतील राख हे पैशाच्या भ्रष्टतेचे प्रतीक आहे, असे समीक्षक सामान्यतः मानतात. ते खरेच आहे. पण डिकन्सच्या पहिल्या वाचकाला प्रतीकाच्या आधी त्यात एक परिचित व्यवसाय दिसत होता. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे मराठीत म्हणतात. डिकन्सच्या लंडनमध्ये ती फिटली होती. आणि कादंबरी लिहिली जात असताना तिचा काळ सरत आला होता, कारण मेह्यूने नोंदवलेली उतरण तोवर सुरू होऊन गेली होती.

राखेचे मोल घटले, तेव्हा तिचा प्रश्न बाजाराकडून सार्वजनिक आरोग्याकडे सरकला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने घरगुती केर हलवण्याचे काम स्थानिक संस्थांच्या कार्यकक्षेत आणले, आणि १८७० च्या दशकापासून केर जाळणाऱ्या भट्ट्या उभ्या राहू लागल्या. लंडनसाठीच्या १८९१ च्या कायद्यात घरगुती केर आणि व्यापारी केर असा भेद आहे. घराचा केर साचला तर रोग पसरेल, म्हणून तो उचलणे हे सर्वांच्या हिताचे कर्तव्य. दुकानाचा वा कारखान्याचा केर हा नफ्याचा उपपरिणाम, म्हणून त्याचे वाजवी मोल मालकाने द्यावे, असे या भेदामागील तत्त्व होते. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानेही हीच विभागणी कायम ठेवली.

या विभागणीत बागेतील पाला कोठेच नीट बसत नव्हता. तो व्यापारातून आलेला नव्हता. पण चुलीच्या राखेसारखा अटळही नव्हता. प्रत्यक्षात तो फारसा रस्त्यावर येतच नसे. बागेच्या कोपऱ्यात त्याचा ढीग घातला जाई किंवा शरद ऋतूत तो पेटवून दिला जाई. दुसऱ्या महायुद्धकाळातील ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या मोहिमेत तर परसबागेतील पाल्यापासून खत करण्यास सरकारी पत्रकांतून उत्तेजन देण्यात आले. पाला कुंपणाच्या आत होता तोवर तो कायद्याच्या दृष्टीने कचरा नव्हता.

या खताच्या ढिगामागील शास्त्रीय विचाराचा एक धागा होळकरांच्या इंदूरपर्यंत येऊन पोहोचतो. इंग्लिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड याने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करताना शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलथून, खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रूपात मांडली. ती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर पोहोचली. १९३१ मध्ये या पद्धतीवर निघालेल्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथावर हॉवर्डबरोबर त्याचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘सॉइल असोसिएशन’च्या विचारविश्वावर हॉवर्डच्या मांडणीचा ठसा होता.

या ग्रंथाचे शीर्षक मराठीत आणू पाहिले, तर एक अडचण उभी राहते. ‘वेस्ट’ या इंग्रजी नामात वाया जाणे, ओसाड असणे आणि टाकून देणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत ‘केर’ घरातला, ‘पालापाचोळा’ झाडाखालचा, ‘धसकट’ शेतातले आणि ‘शेण’ गोठ्यातले. या सर्वांना सामावणारा ‘टाकाऊ’ असा एकच जुना शब्द शेतकऱ्याच्या भाषेत सापडत नाही, कारण त्यांपैकी बरेच काही टाकले जातच नव्हते. ‘उकिरडा’ ही घाणीची जागा खरी, पण ती खताची साठवणही होती. पाला ‘कचरा’ या सर्वसमावेशक नामाखाली येतो, तो नगरपालिकेच्या कागदावर. वस्तूचे नाव बदलले की तिच्यावरील हक्क आणि जबाबदारी यांचीही फेरमांडणी होते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके हेच घडले.

१९५६ च्या ‘क्लीन एअर ॲक्ट’नंतर शहरांतील कोळशाच्या शेगड्या कमी होत गेल्या. डब्यातील राख घटली आणि तिची जागा कागद, प्लॅस्टिक व वेष्टनांनी घेतली. १९६७ च्या कायद्यान्वये नागरिकांना अवजड वा जादा केर विनामूल्य आणून टाकता येईल अशी ठिकाणे उपलब्ध करून देणे स्थानिक संस्थांना बंधनकारक झाले. पुढे १९९० च्या ‘एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट’ने घरगुती कचरा विनामूल्य उचलण्याचे तत्त्व स्वीकारले, मात्र नियमांत नमूद केलेल्या प्रकारांसाठी शुल्क घेण्याची मुभा ठेवली. १९९२ च्या नियमांतील यादीत पंचवीस किलोपेक्षा जड वस्तू आणि मृत पाळीव प्राणी यांच्या पंक्तीला बागेतील कचरा येऊन बसला. २०१२ च्या नियमांतही तो कायम राहिला. हे शुल्क उचलण्यापुरतेच आहे, विल्हेवाटीसाठी नाही, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

मुभा होती, तरी अनेक परिषदांनी प्रारंभी तिचा उपयोग केला नाही. उलट पाला फुकट उचलण्यास सुरुवात केली. याचे कारण बागेत नव्हे, तर धोरणात होते. १९९६ मध्ये जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर कर बसला. १९९९ च्या युरोपीय निर्देशाने कुजणारा नागरी कचरा जमिनीत पुरण्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने १९९५ च्या पातळीच्या ३५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे बंधन घातले. पुनर्वापराची उद्दिष्टे वजनावर मोजली जात होती, आणि ओले गवत वजनदार असते. ते वेगळे उचलून त्याचे खत केले की परिषदेची टक्केवारी झपाट्याने वाढे. मात्र या सोयीमुळे पूर्वी बागेतच कुजणारा पाला काही प्रमाणात रस्त्यावर आला आणि एकूण ‘कचरा’ फुगला. जो पदार्थ कालपर्यंत कोपऱ्यातल्या ढिगात खत होत होता, तो आकडेवारीत प्रथम कचरा म्हणून आणि मग पुनर्वापराचे यश म्हणून, असा दोनदा नोंदवला गेला.

२०१० नंतर केंद्रीय अनुदानात कपात होऊ लागली, तेव्हा परिषदांना १९९२ च्या यादीची आठवण झाली. बर्मिंगहॅमने २०१४ मध्ये वार्षिक ३५ पौंडांचे शुल्क सुरू केले. इतरत्रही ही प्रथा पसरली. डिसेंबर २०१८ मधील कचराविषयक धोरणपत्रानंतर ही सेवा सर्वत्र विनामूल्य करावी काय, यावर सरकारने जनमत मागवले. परिषदांनी खर्चाचा मुद्दा पुढे केला, आणि २०२३ मध्ये शुल्काची मुभा कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

या वादातील दोन्ही पक्षांची भूमिका तपासून पाहण्याजोगी आहे. शुल्काचे समर्थक म्हणतात, की सदनिकेत राहणाऱ्या, बाग नसलेल्या कुटुंबाने दुसऱ्याच्या हिरवळीचा खर्च का सोसावा? विरोधक म्हणतात, की कौन्सिल टॅक्स मालमत्तेच्या मूल्यानुसार ठरतो. सर्वांत वरच्या गटातील घर सर्वांत खालच्या गटातील घराच्या तिप्पट कर देते, म्हणून मोठ्या बागेच्या मालकाने आपला वाटा आधीच उचललेला असतो. शिवाय शुल्क टाळण्यासाठी पाला सामान्य डब्यात गेला, तर तो पुरण्याचा वा जाळण्याचा खर्च पुन्हा सर्वांवरच येतो, आणि जमिनीत पुरलेल्या पाल्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. जेथे कचरा उचलणे जिल्हा परिषदेकडे आणि त्याची विल्हेवाट काउंटी परिषदेकडे आहे, तेथे शुल्क एकीच्या तिजोरीत जाते व हा उरलेला भार दुसरीवर पडतो.

इतिहासाच्या प्रकाशात पाहता समर्थकांचे तत्त्व अधिक सबळ ठरते. घरगुती केर फुकट उचलण्यामागे आरोग्यरक्षणाचा हेतू होता; पाल्याच्या बाबतीत तो हेतू क्षीण आहे, कारण बागेत कुजणारा पाला शेजाऱ्याला रोगी करत नाही. म्हणून पाल्याच्या सेवेचे मोल मागणे हे जुन्या कराराचे उल्लंघन ठरत नाही. तथापि ज्या परिषदांनी टक्केवारीसाठी पाला कुंपणाबाहेर ओढला, त्यांनीच सवय रुजल्यावर त्याचे मोल मागितले. नागरिकांच्या रोषाला हा आधार आहे, आणि तो केवळ कंजूषपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

यातून शुल्काच्या समर्थनीयतेच्या मर्यादा निश्चित होतात. शुल्क उचलण्याच्या प्रत्यक्ष खर्चाइतके असावे. ते तुटीची भरपाई होऊ लागले, तर त्याला कर म्हणणेच प्रामाणिकपणाचे. ज्यांच्याकडे ढीग घालण्याइतकी जागा वा अंगात बळ नाही, अशा वृद्ध व अपंग रहिवाशांना सवलत मिळावी. आणि शुल्काच्या मागणीपत्राआधी बागेतच खत करण्याची साधने व माहिती घरोघर पोहोचावी, कारण न देण्याचा खरा पर्याय उपलब्ध असतो तेव्हाच शुल्क हे शुल्क राहते. लंडनच्या मक्तेदाराने राखेचे पैसे दिले, पुढे पॅरिशने दिले, आता गृहस्थ पाल्याचे देतो. या तिन्ही व्यवहारांत पदार्थाला घराबाहेर जावेच लागेल, हे गृहीत धरलेले आहे. राखेच्या बाबतीत ते गृहीत खरे होते. पाल्याच्या बाबतीत बहुतेक घरांपुरते ते खरे नाही, आणि इंदूरच्या प्रयोगांनी ते शास्त्रीय भाषेत दाखवून दिल्याला आता नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत.