फक्त जानेवारीत दिसणारं चित्र

ठेवणीतली पैठणी आपण कुणीच उन्हात वाळत घालत नाही, रंग उडतो म्हणून. आज आम्ही सांगणार आहोत ती गोष्टही याच काळजीची आहे, पण एका चित्राची.

इटलीतल्या व्हेनिस शहरात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत आणि माणसं होडीतून ये-जा करतात. १८४० साली टर्नर हा इंग्रज चित्रकार तिसऱ्यांदा तिथे गेला. लंडनच्या एका न्हाव्याचा हा मुलगा तेव्हा ६५ वर्षांचा होता. मोठ्या कालव्याचं संथ पाणी आणि काठावरचा बाल्बी वाडा त्यानं जलरंगात उतरवला. आम्ही ते चित्र बैठकीत मोबाईलवर पाहिलं. जलरंगाची गंमत अशी, की रंग पाण्यासारखा पातळ लावतात आणि उजेड हवा तिथे कागद तसाच सोडतात. रंगाचा थर इतका पातळ, म्हणूनच तो उजेडाला टिकत नाही.

हेन्री वॉन नावाच्या इंग्रज संग्राहकाला हे ठाऊक होतं. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे १९०० साली टर्नरची ३८ चित्रं स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरातल्या राष्ट्रीय कलादालनाला मिळाली. त्यांत हे चित्रही होतं. अट अशी, की ती सगळी एकत्र, फुकट आणि फक्त जानेवारी महिन्यात दाखवायची. तिकडे जानेवारीत ऊन अगदी मंद असतं. पैसेवाल्या माणसानं ‘फुकट’ हा शब्द आठवणीनं घातला, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.

आता रंगांचं. टर्नर नीळ वापरायचा, आणि उजेडात लवकर उडते ती नीळच. त्या काळी इंग्लंडात नीळ जायची ती मुख्यतः बंगाल-बिहारातून. तिथले मळेवाले शेतकऱ्यांवर निळीची लागवड लादत, आणि १८५९ मध्ये बंगालचे शेतकरी त्याविरुद्ध उठले.

टर्नरच्या रंगांत ‘इंडियन यलो’ नावाचा पिवळाही होता. तो कसा बनतो हे १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी लिहून ठेवलं. बिहारात मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी काही गवळी गाईंना नुसता आंब्याचा पाला आणि पाणी देत. त्यांचं मूत्र धरून आटवायचं, गाळायचं, त्याचे गोळे वळून वाळवायचे. या रंगाला तिथे प्यूरी म्हणत. त्या गाई फार अशक्त दिसत, असंही मुखर्जींनी नोंदवलं आहे.

हे वाचल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी चित्राबद्दल बोललंच नाही. ज्यांच्या दारात दुभती गाय आहे त्या म्हणाल्या, नुसत्या पाल्यावर गाय किती दिवस तग धरणार? एकीनं मोबाईल पुन्हा मागून घेतला आणि त्या पाण्यात पिवळा कुठे कुठे आहे ते बोटानं शोधत बसली.