लोकशाही विकेंद्रीकरण आणि स्थानिक आर्थिक विकास : महाराष्ट्राचा अनुभव (१९६१ ते २०११)

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या अनेक विकसनशील देशांनी केंद्रीय नियोजनाचा मार्ग स्वीकारला. त्याच्या मर्यादा स्पष्ट होऊ लागल्यावर सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विचार बळावला. परंतु विकेंद्रीकरण झाले की स्थानिक आर्थिक विकास आपोआप होतो, असे इतिहास सांगत नाही. कामे सोपविणे आणि उत्पन्नाची साधने सोपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या भेदाच्या आधारे महाराष्ट्रातील पंचायत राज्याच्या वाटचालीचा येथे आढावा घेतला आहे.

जिल्हा परिषदांची स्थापना :
बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय व्यवस्थेची शिफारस करताना पंचायत समितीला प्रमुख स्थान दिले होते. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जिल्हा हाच विकासाचा योग्य घटक मानला. त्यानुसार १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, लघुपाटबंधारे व ग्रामीण रस्ते ही कामे परिषदांकडे आली. सहकारी चळवळीबरोबरच या संस्थांतूनही ग्रामीण नेतृत्व घडले, हे त्यांचे मोठे यश होय.

अधिकार व उत्पन्न यांतील अंतर :
तथापि, जमीन महसुलावरील उपकरासारखी मर्यादित साधने वगळता परिषदा शासकीय अनुदानांवरच अवलंबून राहिल्या. अनुदान ठरावीक कामासाठी येत असल्याने प्राधान्यक्रम ठरविण्यास वाव कमी उरला. १९७२ च्या दुष्काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेची जिल्ह्यातील सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे राहिली. १९७९ नंतर परिषदांच्या निवडणुका थेट १९९२ मध्ये झाल्या. जिल्ह्याचा कारभार लोकप्रतिनिधींकडे देण्याचा मूळ हेतू अशा रीतीने मागे पडत गेला.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने नियमित निवडणुका, आरक्षण व राज्य वित्त आयोग यांची तरतूद केली. अकराव्या अनुसूचीत २९ विषय नमूद झाले. मात्र ते प्रत्यक्ष सोपविण्याचा निर्णय राज्य विधिमंडळांवर सोडण्यात आला. केरळने १९९६ पासून योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. बोलिव्हियाने १९९४ च्या कायद्याने राष्ट्रीय करउत्पन्नाचा २० टक्के वाटा नगरपालिकांना दिला. या दोन्ही ठिकाणी सुधारणेचा आरंभ निधीच्या वाटपापासून झाला, हे लक्षणीय आहे.

मेंढा (लेखा) येथील अनुभव :
महाराष्ट्रात साधनसंपत्तीवरील हक्काचा प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभागृहात नव्हे, तर गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गोंड गावात ऐरणीवर आला. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेने देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगट चालविण्याची परंपरा निर्माण केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार वन विभागाकडे असल्याने विक्री अडली होती. एप्रिल २०११ मध्ये परवानापुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली, तेव्हाच कागदावरील हक्काचे उत्पन्नात रूपांतर होऊ शकले.

समारोप :
प्रत्येक गावाजवळ वन नाही. त्यामुळे मेंढ्याचा अनुभव सर्वत्र जसाच्या तसा लागू होणार नाही. त्याचप्रमाणे केवळ निधी दिल्यानेही विकास होत नाही. निर्णयप्रक्रियेत गावातील दुर्बलांचा सहभाग नसेल, तर निधी स्थानिक प्रस्थापितांच्याच हाती जातो. तथापि या पन्नास वर्षांच्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. ज्या संस्थेकडे उत्पन्नाचे साधन नाही, ती वरून आलेल्या योजनांची अंमलबजावणी करू शकते. स्वतःच्या परिसराच्या विकासाची दिशा मात्र ठरवू शकत नाही. विकेंद्रीकरणाचे मूल्यमापन करताना किती विषय सोपविले याबरोबरच त्यांसाठी कोणती साधने दिली, हेही तपासणे आवश्यक ठरते.