गोव्याच्या उन्हापावसात मोटारीचा अंतर्भाग कसा जपावा

मोटारीच्या बाह्य रंगाची निगा बहुतेक जण आस्थेने राखतात. अंतर्भागाकडे मात्र डाग पडल्यावर किंवा कुबट वास येऊ लागल्यावरच लक्ष जाते. गोव्याच्या हवामानात हे दुर्लक्ष महागात पडते. मार्च ते मे या काळातील प्रखर ऊन, जून ते सप्टेंबरमधील संततधार आणि किनारपट्टीवरील बारमाही खारी हवा या तिन्हींना येथील मोटारीला तोंड द्यावे लागते. ऊन प्लास्टिक व चामडे कोरडे करून तडकवते, तर दमटपणा त्याच वस्तूंवर बुरशी आणतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशांसाठी लिहिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत. ऊन, ओलावा, डाग आणि झीज या चारही बाबींचा विचार ऋतुमानानुसारच करावा लागतो.

उन्हाचा परिणाम

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो आणि डॅशबोर्ड, आसने व स्टिअरिंग तापवतो. या तापलेल्या वस्तूंमधून बाहेर पडणारी उष्णता काचेतून तितक्या सहजपणे परत जात नाही आणि बंद मोटारीतील हवाही बदलत नाही. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या केलेल्या मोटारींतील हवा सरासरी सुमारे 47 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे आढळले. डॅशबोर्डचे तापमान सुमारे 69 अंश, स्टिअरिंगचे 53 अंश आणि आसनांचे 51 अंश होते. सावलीत उभ्या केलेल्या मोटारींत डॅशबोर्ड सुमारे 48 अंशांवर राहिला. केवळ सावलीमुळे डॅशबोर्डच्या तापमानात सुमारे 20 अंशांचा फरक पडला.

उष्णतेच्या जोडीला अतिनील किरणांचा मारा असतो. समोरची काच दोन थरांची असून त्या थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. हा पडदा बहुतांश अतिनील किरण अडवतो. बाजूच्या काचा सहसा एकाच थराच्या असतात व त्यांतून या किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणूनच दाराच्या बाजूचे कापड, आसनांच्या कडा आणि मागील खिडकीखालील फळी यांचा रंग आधी उडतो.

सावली निवडताना सूर्याची दिशा ध्यानात घ्यावी. सकाळी नऊ वाजता इमारतीच्या पश्चिमेस दिसणारी सावली दुपारनंतर पूर्वेकडे सरकते. दिवसभर मोटार उभी राहणार असेल, तर सकाळी थोडे ऊन सोसूनही पूर्वेची जागा घेणे श्रेयस्कर. दुपारचे कडक ऊन त्यामुळे टळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा मोटारीचे तोंड उत्तरेस ठेवल्यास डॅशबोर्ड वाचतो. मेच्या सुरुवातीस मात्र गोव्यात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो आणि दिशेपेक्षा आडोसा अधिक मोलाचा ठरतो. नारळाच्या झाडाखाली मोटार उभी करण्याचा मोह टाळावा. तेथील सावली विरळ असते आणि वरून नारळ किंवा झावळ पडण्याचा धोका असतो.

समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. त्याची चकचकीत बाजू बाहेर ठेवावी आणि तो काचेला शक्य तितका चिकटून बसेल असे पाहावे. स्टिअरिंगवर पांढरा सुती पंचा टाकला तरी हात भाजत नाहीत. तापलेल्या मोटारीत बसताच सर्व काचा उतरवून मिनिट-दोन मिनिटे गाडी चालवावी, कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मगच काचा बंद करून वातानुकूलन यंत्रणा आतली हवा फिरवण्याच्या स्थितीत आणावी.

उन्हातील मोटारीत काय ठेवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अत्तराचे व रंगाचे दाबयुक्त डबे 50 अंशांपुढे तापू देऊ नयेत, अशी सूचना त्यांच्यावरच छापलेली असते. लायटर, पॉवर बँक, मोबाईल आणि इन्सुलिनसारखी औषधे गाडीत सोडू नयेत. लहान मूल किंवा पाळीव प्राणी तर क्षणभरही बंद मोटारीत एकटे ठेवू नये. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार तासाभरात मोटारीतील तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढते, त्यातील सुमारे 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि काच थोडीशी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

काचेवरील फिल्म आणि कायदा

काळी फिल्म लावून ऊन अडवण्याची प्रथा गोव्यातही होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी काचांवर कोणत्याही प्रमाणाची काळी फिल्म अथवा अन्य आवरण चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये, प्रकाशाच्या विहित मर्यादा पाळणारी फिल्म या दुरुस्तीनंतर चालू शकते, असा निर्वाळा दिला. गोवा मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर विसंबून फिल्म लावण्यापूर्वी वाहतूक खात्याकडून खात्री करून घेणे शहाणपणाचे. खिडक्यांना लावायच्या जाळ्या मोटार उभी असतानाच वापराव्यात आणि निघताना काढून ठेवाव्यात.

पावसाळा, दमटपणा आणि बुरशी

गोव्यातील मोटारीच्या अंतर्भागाचा खरा शत्रू उन्हापेक्षाही ओलावा आहे. भिजलेल्या छत्र्या, रेनकोट आणि चिखलाचे पाय यांतून पाणी आत येते. ते गालिच्याखालच्या फोमच्या थरात मुरते आणि वरचे कापड कोरडे वाटले तरी खाली आठवडेच्या आठवडे टिकून राहते. दहा-बारा दिवस बंद राहिलेल्या गाडीच्या आसनांवर, पट्ट्यांवर व स्टिअरिंगवर पांढरट-हिरवट बुरशीचा थर चढतो. परदेशी किंवा बोटीवर नोकरीस असलेल्यांच्या, महिनोन्‌महिने घरी उभ्या असणाऱ्या गाड्यांत हा अनुभव नेहमीचा आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे पाणी आत येऊ न देणे. पावसाळ्यात कापडी मॅटऐवजी उंच कडांचे रबरी मॅट वापरावेत व रोज झटकावेत. छत्रीसाठी एखादी प्लास्टिकची बादली किंवा पिशवी डिकीत ठेवावी. आठवड्यातून किमान दोनदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवून वातानुकूलन सुरू ठेवावे, कारण ही यंत्रणा हवेतील बाष्पही शोषून घेते. पोहोचण्यापूर्वी पाच मिनिटे शीतकरण बंद करून केवळ पंखा चालू ठेवल्यास आतील थंड नळ्यांवरचे पाणी सुकते आणि कुबट वास येत नाही. हवेची गाळणी मळलेली असेल, तर पावसाळ्यापूर्वीच बदलावी.

पुढील प्रवाशाच्या पायाखाली पाणी साचत असेल, तर वातानुकूलन यंत्रणेची पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबल्याचा संशय घ्यावा. छतात उघडझाप होणारी काच असल्यास तिच्या कोपऱ्यांतील पाण्याच्या वाटा पालापाचोळ्याने बुजलेल्या असू शकतात. साचलेला द्रव चिकट आणि गोडसर वासाचा असेल, तर तो पाणी नसून इंजिन थंड ठेवणारा कूलंट असतो. अशा वेळी गाडी तत्काळ मेकॅनिकला दाखवावी.

बुरशी आलीच, तर गाडी उन्हात सर्व दारे उघडून उभी करावी आणि तोंडाला मास्क लावून प्रथम व्हॅक्यूमने बुरशी ओढून घ्यावी. कापड व प्लास्टिकवर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून हलक्या हाताने पुसावे. चामड्यावर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके पुरते. त्यानंतर पूर्ण वाळवणे हा अनिवार्य टप्पा आहे. ओलावा शोषणारे सिलिका जेलचे किंवा कोळशाचे पुडे उपयुक्त असतात; डांबरगोळ्या मात्र ठेवू नयेत. त्यांची वाफ बंद जागेत कोंडते आणि ती लहान मुलांना विशेष अपायकारक असते.

बंदिस्त प्लास्टिकचे आच्छादन घालून गाडी पावसाळाभर झाकून ठेवणेही हितावह नाही; आतील बाष्प त्यात अडकून पडते. नव्या गाडीच्या आसनांवरील कारखान्याची प्लास्टिकची वेष्टने वर्षानुवर्षे तशीच ठेवण्याची सवयही अशीच उलटते. त्यांच्याखाली घाम आणि दमटपणा साचून जपलेले नवे कापडच आधी खराब होते.

डाग: प्रत्येकाचा स्वभाव वेगळा

डाग काढण्याचे तीन नियम सर्वत्र लागू पडतात. डाग घासू नये, टिपावा. कडेकडून मध्याकडे यावे. आणि कोणतेही द्रावण आधी आसनाच्या न दिसणाऱ्या भागावर तपासून पाहावे. पुढील उपचार डागाच्या प्रकृतीप्रमाणे बदलतो.

बाजारातून आणलेल्या मासळीचे पाणी डिकीत सांडले, तर गरम पाणी वापरू नये. उष्णतेने त्यातील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात. थंड पाण्याने टिपून, सौम्य साबण लावून, वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने काढावा. दूध, दही व रक्त यांच्या डागांनाही हाच न्याय. मासळी बंद झाकणाच्या डब्यातूनच आणणे हा अर्थातच सर्वोत्तम उपाय होय.

हळदीच्या आमटीचा डाग साबणाचा स्पर्श होताच लालसर होतो. घाबरण्याचे कारण नाही. क्षारामुळे हळदीचा रंग बदलतो. तेलकटपणा साबणाने निघाल्यावर उरलेला पिवळेपणा ऊन दाखवल्याने बराचसा फिका होतो. ऊन अंतर्भागाच्या बाजूने काम करते, असा हा दुर्मिळ प्रसंग. काजूच्या बोंडाचा रस मात्र कापडावर वाळला की चिवट तपकिरी डाग सोडतो. तो ओला असतानाच भरपूर पाण्याने टिपून काढावा.

चतुर्थीच्या विसर्जनानंतर आसनांवर पडलेला गुलाल ओल्या फडक्याने पुसल्यास रंग कापडात उतरतो. तो कोरडाच झटकावा, व्हॅक्यूमने ओढावा आणि मगच ओले फडके फिरवावे. खाणपट्ट्यातील व चिऱ्यांच्या वाटांवरील तांबड्या चिखलालाही हेच लागू आहे. या मातीचा रंग लोहाच्या संयुगांमुळे असल्याने क्लोरीनयुक्त ब्लीच त्यावर निष्प्रभ ठरते आणि उलट कापडाचा मूळ रंग घालवते.

समुद्रावरून परतताना येणारी वाळू ओली असताना घासू नये. वाळल्यावर मॅट उलटे करून झटकावेत. खारे पाणी सांडल्यास ती जागा गोड्या पाण्याने टिपून घ्यावी, कारण कापडात राहिलेले मीठ हवेतील ओलावा ओढत राहते आणि आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज चढवते. ओल्या कपड्यांनिशी बसणाऱ्यांसाठी दोन जाड टॉवेल गाडीत कायम असावेत.

आसनाखाली पाणी ओतून धुणे मात्र सर्वस्वी टाळावे. तेथे एअरबॅग व सीट बेल्टशी संबंधित तारा असतात; त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. ती स्वतः सोडवू नये.

झीज आणि आवरणे

झीज सर्वप्रथम चालकाच्या आसनाच्या बाहेरील कडेवर दिसते, कारण चढता-उतरताना शरीर तेथेच घासले जाते. कडेवरून घसरत बसण्याऐवजी आधी बसून मग पाय आत घेतल्यास ती कमी होते. खऱ्या चामड्यावर खोबरेल तेल चोळण्याचा घरगुती सल्ला चुकीचा आहे. मोटारीतील बहुतेक चामड्यांवर रंगाचा संरक्षक थर असतो, त्यामुळे तेल वरच राहून धूळ धरते. कृत्रिम चामड्यातील पॉलियुरेथेन प्रकार दमट हवेत कालांतराने विरघळल्यासारखा होऊन पापुद्रे सोडतो. म्हणून गोव्यात नवी आवरणे घेताना हवा खेळती ठेवणारे चांगले कापड हा पर्याय दुय्यम मानू नये.

आवरण निवडताना सुरक्षितता प्रथम पाहावी. अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग आसनाच्या कडेतच बसवलेली असते. साधे जाड आवरण तिचा मार्ग रोखू शकते. त्यासाठी कडेला विशेष शिवण असलेलेच आवरण घ्यावे. चालकाच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट कधीही घालू नयेत. वरचा मॅट सरकून पेडलखाली अडकतो. प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डवर जड मूर्ती वा शोभेची वस्तू चिकटवू नये, कारण एअरबॅग उघडताच ती वस्तू प्रवाशावर फेकली जाते.

डॅशबोर्डला चकाकी आणणारे सिलिकॉनयुक्त पॉलिश काचेत प्रतिबिंब पाडते व चालकाचे डोळे दिपवते. स्टिअरिंगवर व पेडलवर लागल्यास ती निसरडी होतात. मऊ ओलसर मायक्रोफायबरचे फडके आणि चमक न आणणारे, अतिनील किरणरोधक द्रावण एवढे पुरेसे आहे. फिल्म लावलेल्या काचांवर आणि स्पर्शपटलावर अमोनियायुक्त द्रावण वापरू नये.

वर्षभराचे नियोजन

आसने व गालिचे पूर्ण धुण्याचे काम एप्रिल किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे. तेव्हा ते एका दिवसात वाळतात. हेच काम जुलैत केल्यास बुरशीला आमंत्रण मिळते. मेअखेरीस दारांची रबरे, पाण्याच्या वाटा आणि हवेची गाळणी तपासावी व रबरी मॅट घालावेत. पावसाळ्यात धुण्यापेक्षा वाळवण्यावर भर द्यावा आणि उघडीप मिळताच दारे उघडून गाडी उन्हात ठेवावी. ऑक्टोबरमधील कडक उन्हात मॅट काढून गालिच्याखालचा फोम हाताने दाबून पाहावा; ओल लागल्यास गालिचा उचलून वाळवावा. नोव्हेंबरपासून धूळ वाढते, तेव्हा पंधरवड्यातून एकदा व्हॅक्यूम फिरवला तरी कापडात घुसणारे बारीक कण निघून जातात आणि आसनांचे आयुष्य वाढते.