बोरघाटांतील परक्यांचा हिवाळा

दिवाळी सरली कीं मावळांत भातकापणी उरकते आणि लोणावळ्यास पहांटे धुकें दाटूं लागतें. समुद्रसपाटीपासून सुमारें 2,000 फूट उंचीच्या या गांवीं दोन प्रहरीं ऊन चटका देतें, तर रात्रीं दांत वाजतात. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं भराभर निवते, हें त्याचें कारण.

हा हिवाळा परक्या माणसांनीं कसा काढला, याचा दाखला बोरघाटांतील लोहमार्गाच्या इतिहासांत सांपडतो. हें काम 1856 च्या जानेवारींत, ऐन थंडीत सुरू झालें. पावसाळ्यांत तें जवळजवळ बंद पडे; त्यामुळें हिवाळा हाच भर कामाचा ऋतु ठरला.

विलायतेचा बर्फ पाहिलेल्या साहेबास या थंडीची मातबरी ती काय वाटणार? परंतु उष्ण देशांतील त्याचा बंगला उकाडा घालविण्यासाठींच बांधलेला असे. उंच छप्पर, मोठ्या खिडक्या, सभोंवार पडवी! अशा घरांत विलायतेंतल्यासारखी ऊब टिकत नाहीं. सकाळीं आंत गारठावें आणि बाहेर उन्हांत बसावें, असा उलटा प्रकार होई.

त्याहून मोठा धोका निराळाच होता. हवा सुखद म्हणून ती निरोगी, ही समजूत घाटांत खोटी ठरली. ताप आणि पटकी यांनीं तेथें असंख्य बळी घेतले. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानें 1859 सालीं काम हातीं घेतलें आणि या देशांत आल्यावर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिनें अनुभवी इंजिनियरांच्या साहाय्यानें कंत्राट तडीस नेलें. मुख्य इंजिनियर जेम्स बर्क्ले प्रकृति ढासळल्यानें मायदेशीं परतला व 1862 सालीं वारला. 21 एप्रिल 1863 रोजीं मार्ग खुला झाला, तो पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

परके केवळ साहेबच नव्हते. ऐन भरांत 40,000 हून अधिक मजूर घाटांत राबत होते. त्यांतील पुष्कळ दूरच्या मुलखांतून आलेले. त्यांना बंगला नव्हता. डोंगराच्या उतारावरील तात्पुरत्या झोपड्या हाच त्यांचा आसरा. मावळच्या शेतकऱ्यास घोंगडी, शेकोटी आणि स्वतःचें घर यांचा आधार होता. या मजुरांचें घर मात्र दूर राहिलें होतें. साहेबांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. त्या मजुरांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. त्यांनीं फोडलेला घाट तेवढा उरला आहे.